पिंपातला लिंबाचा वास

विवित : दार उघडा म्हणते ना! निनिंगचे ओठ बघा, निळे पडलेत.

सुगेंग : उघडू? बाहेर रोसिद कोयता घेऊन उभा आहे. मरू का मी?

रोसिद : ये बाहेर, सुगेंग! उजवा हात मोडलास माझा, पण डावा शाबूत आहे. डाव्या हातानंही बोकड सोलतो मी!

सुगेंग : चालता हो, नाहीतर तोही मोडीन! तुझ्या सातेच्या, काडीवर भाजलेल्या मटणाच्या धुरानं माझ्या पोरीची छाती भरलीय!

रोसिद : तुझी पोरगी माझ्या गाडीपाशी वाढली रे! सातेची पहिली काडी तिची असायची. आणि काल तू सळई घेऊन आलास!

विवित : अहो, तिला श्वास मिळेना. खिडकी तरी उघडा.

सुगेंग : नाही. बाहेर जकार्ताचं आभाळ बघितलंस? हळदीसारखं पिवळं झालंय. दारंखिडक्या लावून घ्या म्हणून टीव्हीवर सांगतायत.

विवित : आणि आत काय आहे? सकाळपासून पिंपात स्पिरिट आणि लिंबाचा अर्क घोटताय. डासांचा फवारा दोनदा मारलात. वर धुराचा वास जावा म्हणून अत्तराचा फवारा!

सुगेंग : सुगंधानं कोण मेलंय आजवर? पिंपातून बाटल्या भरून विकतो मी, अख्खी गल्ली त्यानं लाद्या पुसते.

विवित : रोसिददादांची सातेची शेगडी काल गटारात फेकलीत ना? कालपासून गल्लीत धुराचं नाव नाही. मग हिला आज धाप का लागली? बोला.

सुगेंग : शहरातून येतंय ते.

विवित : शहर म्हणजे कोण? दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, घरोघरी ह्याच बाटल्या. त्यांची वाफ वर जाते, उन्हात गाड्यांच्या धुराबरोबर शिजते आणि ह्या पिवळ्या हवेत भर घालते. तेच सांगायला आले, तर तुम्ही माझ्या थोबाडीत दिलीत.

सुगेंग : कडीवरचा हात काढ.

विवित : नाही काढणार.

सुगेंग : काढ, नाहीतर बोटं ठेचीन!

विवित : ठेचा!

रोसिद : वहिनी! पोरगी खोकायची थांबली का? मघाशी ऐकू येत होती.

विवित : बँग रोसिद, दादा! हे कडी धरून बसलेत. दार फोडा!

सुगेंग : फोडलंस तर पहिला घाव तुझ्या डोक्यात, रोसिद!

रोसिद : घाल. वहिनी, पोरीला मागं घे!

(कोयत्याचे घाव. फळ्या फुटतात, दार आत कोसळतं, पिंप लवंडतं.)

रोसिद : अल्ला! डोळे जळले माझे! ह्यात राहता तुम्ही? पोरगी इकडे दे.

सुगेंग : हात लावू नकोस तिला!

रोसिद : एका हातानं उचलू कशी, हरामखोरा? तू उचल. पळ, मशिदीसमोरच्या मोकळ्या जागेत चल!

विवित : पळा ना! पळा!

रोसिद : इथं. इथं टेकव. मान वर धर तिची.

विवित : निनिंग... बाळा, घे ना श्वास... खोकली! अहो, खोकली! घे, अजून एक. मी रिक्षा आणते, दवाखान्यात न्यायचंय.

रोसिद : तोवर वारा घाल रे. हा घे.

सुगेंग : हा तर तुझा शेगडीचा पंखा.

रोसिद : कमरेलाच असतो माझ्या. शेगडी राहिली नाही, पंखा राहिलाय.

सुगेंग : बँग... तुझा हात...

रोसिद : मोडलाय. विसरलो नाही मी. कोयता तुझ्या उंबऱ्यात पडलाय, तोही विसरलो नाही. पंखा हलव.

सुगेंग : हलवतोय.

रोसिद : हळू. समोर निखारे नाहीत, पोरगी आहे.