साहेब येणार म्हणून

हसताय काय, माझ्या जागी असता तर पळून गेला असता! एका जुन्या विटांच्या घराची दुरुस्ती मी करत होतो. विटांच्या सांध्यातलं सिमेंट खरवडून चुना भरला, विटा ब्रशनं घासून उघड्या केल्या. त्या दिवशी वारसा समितीचे साहेब, घराचं जुनं रूप जसंच्या तसं राखलंय का, त्याच्या पाहणीला येणार होते. त्यांनी मान्यता दिली नाय तर काम बंद! आणि मी अडकलो क्रांती चौकात. पुढचा रिक्षावाला हलंना, त्यात घराचे मालक काशिनाथकाका सारखे फोन करत होते.

"लवकर या, लई भारी काम झालंय!"

"कसलं काम? काका, भिंतीला हात लावू नका!"

"आता लावून झाला की."

पोचलो तर साहेब आधीच दारात उभे. समोरची अख्खी भिंत लाल ऑइलपेंटनं चकाकत होती, विटांच्या मधल्या चुन्यावर पांढऱ्या रेघा. साहेबांनी भिंतीला बोट लावलं, ते लाल झालं.

काका छाती फुगवून म्हणाले, "मोठा माणूस घरी येणार, मग भिंती तशाच भकास ठेवायच्या व्हय? बघा साहेब, आता कुणी म्हणल का हे घर जुनं हाय?"