थेंब टाकलेल्या सह्या

वय चोवीस वर्षे, धंदा साप्ताहिकाची वार्ताहर, वस्तीच्या आणि नगरपरिषदेच्या बातम्या. राहणार दवाखान्यामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावर दुसरा मजला, आई, भाऊ व वहिनी यांच्यासह.

पोलीस ठाण्यात विचारल्यावरून समक्ष सांगते की, आमच्या गल्लीतला बाळंतपणाचा दवाखाना बंद करण्याचा ठराव आज दुपारी चार वाजता नगरपरिषदेच्या सभेत आहे. वहिनीला नववा महिना लागला आहे. दुसरा दवाखाना दोन बस बदलून आहे.

मला दोनदा बसायला सांगण्यात आले. मी उभीच बरी आहे.

आज दीड वाजता मी नगरपरिषदेत रीतसर अर्ज देऊन ठरावाची फाईल बघायला मागितली. तीत लिहिले होते की, गेल्या महिन्यात संध्याकाळी पाच वाजता रहिवाशांची सुनावणी झाली, एक्केचाळीस जण हजर होते, कुणाचीही हरकत नव्हती. सोबत सह्यांचा कागद. तो नीट बघितला. एकही सही ओळीवर नव्हती. आईची तर पार समासाबाहेर. तिच्याखाली माझी, आणि पुढे वेळ, सकाळी ११.२०. सही केली की वेळ टाकायची, ही सवय आमच्या संपादकांनी पहिल्याच दिवशी लावली. त्या दिवशी त्या वेळी आम्ही गल्लीतले सगळे डोळे तपासणी शिबिरात होतो, थेंब टाकून बसलेलो. कुणाला जवळचं काही दिसत नव्हतं. शिबिराची हजेरी म्हणून मदतनीस बोट धरून "इथे करा" म्हणत होता. आता त्याच कागदाचा मथळा कापून वर सुनावणीचा मथळा चिकटवलाय. डिंक अजून दिसतो, बघा.

"सापडलं!" असं मी ओरडले, ही माझी चूक. कारकून धावत आला. "अहो ताई, तो चुकून लागलाय, द्या इकडे," म्हणाला आणि फाडायलाच लागला. कोपरा फाटला. मी कागद हिसकावला आणि पळत सुटले ती ठाण्यातच थांबले. त्याने चोरीची तक्रार केली असल्यास, कागद मी नेला एवढं खरं आहे. तो इथे हजर केला आहे. पोच आणि नक्कल चारच्या आत मिळावी.

सतराव्या सहीवर हवालदार थांबले. त्यांच्या सासूबाईंची आहे. त्यानंतर लिखाण भराभर झाले.

वाटेत आईला फोन केला. "म्हणजे थेंबही टाकले आणि धूळही फेकली मेल्यांनी!" म्हणाली. गल्ली गोळा करून ती सभेला निघाली आहे. वहिनीही निघाली आहे, कुणाचं ऐकत नाही. मला फार म्हणजे फार आनंद झालाय, साहेब, हेही लिहा. याची गरज नाही असे सांगण्यात आले. लिहाच, म्हटलं.

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी सांगितला तसाच आहे. तरी या खेपेला स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा वाचून, ओळीवर सही केली. वेळ ३.२०.