उघडण्याआधी बोलला, त्याचा चहा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आपल्या डेपोचे मोठे साहेब, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आज निवृत्त होणारे आपले फोरमनकाका, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या काकू, आणि समोर जमलेली ड्रायव्हर, कंडक्टर, फिटर मंडळी नि त्यांच्या घरची माणसं, सगळ्यांना माझा नमस्कार.

सेक्शनतर्फे कोण बोलणार असं विचारल्यावर आमच्या गिअरबॉक्सवाल्यांना एकदम आपापले पाने साफ करायची आठवण झाली. राहिले मी. मला भाषणाची सवय नाही, त्यामुळे जसं येईल तसं बोलते.

काकांना वर्कशॉपमध्ये 'थांबजरा' म्हणतात. काका, तुमच्या पाठीमागे म्हणतात, पण तुम्हाला ठाऊक आहे हे आम्हालाही ठाऊक आहे. कोणी धावत आलं, "काका, बॉक्स गेला, बेअरिंग ओरडतंय," की काकांचं ठरलेलं, "थांब जरा." मग आधी ड्रेनचं बूच काढायचं, ऑइलचा वास घ्यायचा. जळका येतो का? दुधाळ झालंय का, म्हणजे पाणी शिरलंय. बुचाच्या मॅग्नेटवर काय चिकटलंय? करडी पेस्ट असेल तर वयोमानानुसार झीज आहे, काळजी नको. खपल्या असतील तर काळजी. दाताचा तुकडा असेल तर बोलायलाच नको. आणि ऑइल कमी दिसलं की नुसतं भरून मोकळं व्हायचं नाही, कुठून गळतंय ते आधी बघायचं.

आणि सेक्शनचा एक कायदा. झाकण उघडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उघडण्याआधी जो रोग सांगेल, त्याने सगळ्या सेक्शनला चहा पाजायचा. यातून कोणाची सुटका नाही. मोठे साहेब हसतायत, कारण त्यांना आठवलं. एक गाडी आली होती, गिअर टाकला की नुसता कर्रर्र आवाज. एक म्हणाला क्लचप्लेट गेली, दुसरा म्हणाला सिंक्रो, म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी रिंगा, गेल्या, आणि साहेबांनी तर हुकूमच सोडला की बॉक्स खाली उतरवा. काका केबिनमध्ये चढले आणि क्लच पेडलच्या खाली दुमडलेलं रबरी मॅट काढून खाली आले. पेडल पुरतं दबतच नव्हतं, तर गिअर बिचारा पडणार कसा? साहेबांचा चहा आम्ही दोनदा प्यायलो. दुसऱ्या वेळी त्यांना विचारलं नव्हतं.

आता मी या सेक्शनमध्ये कशी आले ते नवीन मुलांसाठी सांगते. जुन्यांना माहीत आहे. जरा जास्तच माहीत आहे.

माझा नवरा याच डेपोत ड्रायव्हर होता. एकदा रिकामी गाडी परत आणताना डोंगराच्या उतारावरून ती दरीत गेली. गाडीत तो एकटाच. पुढचा भाग जळला, त्यामुळे ब्रेकचं काही कळेना. रस्त्यावर टायर घासल्याची खूणही नव्हती. चौकशीवाल्यांनी लिहिलं, कारण निश्चित सांगता येत नाही. पण लोकांना निश्चित सांगता येत होतं. गेटवर, कँटीनमध्ये, नळावर. ब्रेकच मारला नाही म्हणे. गप्प गप्प असायचा म्हणे. मुद्दाम घातली.

तो गप्प असायचा हे खरं होतं. शेवटचे काही महिने घरी कोणाशी धड बोलत नव्हता. त्यामुळे लोक म्हणायचे ते मला खोडता येईना. माझ्या सासूबाई इथे तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसल्या आहेत. त्यांनी त्याचा फोटो भिंतीवर लावू दिला नाही. "सोडून गेलेल्याचा फोटो कशाला?" म्हणाल्या, आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. खरं सांगू का, मला काही वाटतच नव्हतं. माणूस गेला की बाई रडते, निदान चिडते. मी भाकऱ्या थापत होते, मुलीच्या वेण्या घालत होते, आणि आत सगळं बधिर. त्याच्या जागेवर मला नोकरी मिळाली, डिझेलमध्ये पार्ट धुवायला बसवलं, तर तेही करत राहिले.

सगळा डेपो माझ्याकडे बघून हळहळायचा आणि पाठ वळली की कुजबुजायचा. काका एक अक्षर बोलले नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. मला राग यायचा. म्हटलं, हा माणूस दगड आहे का?

त्या गाडीचा गिअरबॉक्स भंगारात निघाला होता. काकांनी तो अडवला आणि शेवटच्या टेबलाखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवला. मी रोज त्याच्या भोवतीनं झाडू मारायचे. एकदा न राहवून विचारलं, "काका, तुम्ही उघडून का नाही बघितला?"

"तो तुझ्या घरचा आहे. शिकलीस की तूच उघड."

"आणि नाही उघडावासा वाटला तर?"

"तर मी निवृत्त होताना भंगारात देऊ. जबरदस्ती नाही."

मग मी शिकले. गाडी चालवताना गिअरच्या दांड्यावर हात टेकवून ठेवला की आतला गिअर सरकवणारा फोर्क कसा झिजतो, क्लचवर पाय ठेवून चालवलं की प्लेट कशी करपते, गिअर आपोआप सुटतो तेव्हा दात कसे तिरके घासले जातात, सगळं शिकले. पण त्या ताडपत्रीला हात लावला नाही.

गेल्या आठवड्यात काकांनी स्वतःच ती ओढून काढली. म्हणाले, "मी आहे तोवर उघडायचा तर उघड."

उघडला. आधी ऑइल. जळका वास, आणि त्यात पितळेची चमक. मॅग्नेटवर लोखंडाचे कण, कडक, धारदार. मग झाकण. फोर्क चांगला. गिअर धरून ठेवणारी स्प्रिंग चांगली. दात तिरके घासलेले नाहीत. म्हणजे गिअर आपोआप सुटला नव्हता. पण एकही गिअर लागलेला नव्हता. गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि ती माझ्या नवऱ्यानेच घातली होती. उतार आला की न्यूट्रल, म्हणजे डिझेल वाचतं, पण सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक लागत नाहीत. साहेब, रागावू नका, पण गेटवरच्या फळ्यावर डिझेलच्या अॅव्हरेजमध्ये ज्याचं नाव पहिलं यायचं, ते असंच यायचं. चूक त्याची होती. ते मी झाकणार नाही.

पण काकांनी बॅटरी आणखी आत धरली. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरची पितळी रिंग पार पुसली गेली होती. दातांची टोकं तुटलेली, चावून टाकल्यासारखी. भरधाव उतारावर न्यूट्रलमधून गिअर पडत नाही, नुसता कर्रर्र करतो. त्याने दुसरा टाकून पाहिला होता. तिसरा टाकला. परत दुसरा. परत परत. एकदा टाकून दातांची अशी दशा होत नाही, कोणत्याही फिटरला विचारा.

ज्याला जायचंय तो गिअर कशाला शोधेल हो? त्याला घरी यायचं होतं.

काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "शेवटपर्यंत गाडी धरत होता पोरगा." मग म्हणाले, "थांब जरा," आणि माझ्यासाठी स्टूल घेऊन आले. मी बसले. तेव्हाही रडू आलं नाही. हाताचं ऑइल कपड्याला पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसतच राहिले.

हे मी घरी सांगितलेलं नाही. रोज तोंड उघडते आणि भाजीचं काहीतरी बोलते. मग वाटलं, जिथे सगळे बोलले तिथेच, सगळ्यांसमोर सांगावं.

काका, त्या वेळी अख्खा डेपो उघडण्याआधी बोलला. फक्त तुम्ही बोलला नाहीत. आणि मीही त्या डेपोतच होते. तोंडाने नाही, पण मनात मीही तेच म्हणत होते. कायदा म्हणजे कायदा. आजचा चहा माझ्याकडून, आणि तो पिताना बाकीच्यांनी आपापलं आठवून बघावं.

ड्रायव्हर भावांनो, एवढंच सांगते, उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवा. जळू दे थोडं डिझेल.

काकू, इतकी वर्षं काकांच्या कपड्यांचा वास सहन केलात, तुमचे आभार. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी नको ते बोलले असेन, कोणाला लागलं असेल, तर मला घरची समजून पोटात घाला.

आणि आई, उठू नका, बसा. पाणी देतील तुम्हाला. घरी गेल्यावर आपण दोघी मिळून कपाट उघडू. खिळा मी ठोकते.