यमुनासिस्टरांची तिसरी चिठ्ठी

मंडळी,

बसून घ्या. मागं उभ्या असलेल्या आयाबायांनो, पुढं या, सतरंजी मोकळी आहे. पोरं रडली तर रडू द्या. रडणाऱ्या पोरांचा सिस्टरांना कधी त्रास झाला नाही, न रडणाऱ्यांची काळजी वाटायची.

यमुनासिस्टर जाऊन आज नऊ दिवस झाले. आत्तापर्यंत जे बोलले त्यांनी त्यांना माउली म्हटलं, देवमाणूस म्हटलं. मीही तसंच काहीतरी लिहून आणायला बसलो होतो. तो कागद मी फाडला. मला आज बोलणं जड जातंय. नुसतं दुःख असतं तर घोटभर पाणी पिऊन बोललो असतो. पण मी चिडलोय, मंडळी. ज्या बाईवर मी स्वतःपेक्षा जास्त विश्वास टाकला, तिनं मला फसवलं. हार घातलेल्या फोटोसमोर असं बोलू नये, हे मला कळतं. तरी ऐकून घ्या.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आमची चिठ्ठी माहीत आहे. दोन उपचारांतला कोणता चांगला हे डॉक्टरला ठाऊक नसतं, तेव्हा तो चिठ्ठ्या करतो. बंद पाकिटात घालतो. रोगी आला की वरचं पाकीट फोडायचं, निघेल तो उपचार करायचा. रोगी ओळखीचा असो, गरीब असो, पुढारी असो. मग वर्षा-दोन वर्षांनी दोन्हीकडचे रोगी मोजायचे. त्यातून जे कळतं ते पुढच्या हजारोंच्या उपयोगी पडतं. पाकिटं कोणाकडे ठेवायची? मी सिस्टरांकडे ठेवली. का ठेवली, तेही सांगतो.

आधी आमची धनुर्वाताच्या औषधाची अशीच चिठ्ठ्यांची परीक्षा चालू होती. मोठी माणसं, बापये जास्त. औषध पाठीच्या मणक्यातून टोचायचं, की नेहमीसारखं दंडात. एक दिवस माण तालुक्यातून एका मेंढपाळाला आणलं. मेंढराची लोकर कातरताना कातर पायात गेली होती. दातखीळ बसलेली. सिस्टरांनी पाकीट फोडलं. नेहमीसारखं, दंडातलं निघालं. त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, दुसरं पाकीट फोडू का? माझा थोरला भाऊ हाय त्यो."

मी नाही म्हणालो. म्हणालो, "सिस्टर, कोणतं चांगलं हे ठाऊक असतं, तर चिठ्ठी कशाला केली असती?"

त्यांनी मान हलवली. चिठ्ठीप्रमाणे केलं. तिसऱ्या दिवशी भाऊ गेला. दिवस-कार्य उरकून त्या कामावर आल्या आणि पाकिटांचा गठ्ठा जसाच्या तसा माझ्यासमोर ठेवला. पुढं ती परीक्षा संपली, दोन्ही तऱ्हांत फरक निघाला नाही. मी मुद्दाम जाऊन त्यांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्या नुसतं "व्हय" म्हणाल्या.

अशी बाई. सांगा, पाकिटं दुसऱ्या कोणाकडे ठेवली असती मी?

मग दुष्काळाचं साल आलं. खडी फोडायच्या कामावरच्या बायका दिवस भरायच्या आधीच बाळंत व्हायला लागल्या. हातभर पदरात मूठभर जीव. आमच्याकडे काचेच्या उबदार पेट्या दोन, आणि बाळं त्याच्या कितीतरी जास्त. मी ठरवलं, चिठ्ठी करायची. पेटी, किंवा साधी खाट आणि गरम पाण्याच्या बाटल्या. बघू तरी, पेटीवाचून बाळ जगतं का.

सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या माणात सातमाशी पोर धुतलेल्या लोकरीत गुंडाळून आईच्या पोटाला बांधत्यात. लुगड्याच्या आत. त्येची पन एक चिठ्ठी घाला की."

मी हसलो. मी काय म्हणालो, तेही आज लपवत नाही. म्हणालो, "सिस्टर, ही कोकरं नव्हेत. माझ्या वॉर्डात लोकर दिसली तर याद राखा."

नाही दिसली. दोन वर्षं मला एक धागा दिसला नाही.

परीक्षा संपली. मोजलं तर पेटीतली बाळं आणि खाटेवरची बाळं जवळपास सारखीच जगली होती. मी नाचायचाच बाकी होतो! तापमानाचे तक्ते काढून पुन्हा पुन्हा पाहिले. खाटेवरच्या बाळांची अंगं पेटीतल्यासारखी उबदार. मी अहवाल लिहिला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पेटीची गरज नाही, चांगली नर्स आणि गरम पाण्याच्या बाटल्या असल्या की पुरे. माझं कौतुक झालं, मी ते घेतलं. त्या अहवालावरून साताऱ्याकडच्या एका दवाखान्यानं मागवायची ठरलेली पेटी नको म्हणून कळवलं.

आता नऊ दिवसांपूर्वीचं सांगतो. सिस्टरांना दारात ठेवलं होतं. बायका हळद-कुंकू लावत होत्या. तेवढ्यात आपल्या पिंजाऱ्यांच्या घरच्या जैबुनभाभी आल्या, पोरीला कडेवर घेऊन. ही पोर आपल्याच वॉर्डातली, खाटेवरची. भाभींनी ओच्यातून पांढरीशुभ्र पिंजलेली लोकर काढली आणि सिस्टरांच्या छातीवर ठेवली. मी विचारलं, हे काय?

त्या म्हणाल्या, "आवं साहेब, तुमीच तर सांगितलं हुतं न्हवं? बाई म्हनायच्या, साहेबांचा हुकूम हाय, पर कुनाला बोलायचं न्हाई. पयल्या दिवशीची लोकर लय टोचत हुती, तवा मी म्हनलं, मी पिंजून देते. मग समद्याच पोरांची मी दिली की."

समद्याच पोरांची! खाटेच्या प्रत्येक बाळाची. मी फेरी संपवून पुरुषांच्या वॉर्डात गेलो, की इकडं आयांना आत घ्यायचं, बाळ लोकरीत घालून पोटाशी बांधायचं. माझी चाहूल लागली की बाळ पुन्हा खाटेवर, बाटल्या दोन्ही बाजूंना. आणि वर माझा हुकूम! तुम्ही बाजारात मला हात जोडायचात, बायांनो, तेव्हा मला वाटायचं, माझ्या विद्येला जोडताय.

मी घरी येऊन सगळे तक्ते पुन्हा काढले. एकही आकडा खोटा नाही. तापमान खरं, वजन खरं. उपचाराच्या रकान्यात मात्र एकच शब्द, "खाट". तेवढा एक शब्द खोटा.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? पोरं वाचली ना? वाचली. ही काय, समोर बसलीत, शेंगा खाताहेत. त्यांच्या तोंडाकडे बघून मला रागही धड येत नाही. पण साताऱ्याकडं काय झालं, ते ऐका. तिथं माझा अहवाल वाचून बाळं खाटेवर ठेवली. बाटल्या ठेवल्या. लोकर कोण बांधणार? कोणाला माहीत होती? तिथल्या डॉक्टरांचं मला पत्र आलं, आमची बाळं गार पडतात, जगत नाहीत, आमचं काय चुकतं? मी ते पत्र सिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग उत्तर लिहिलं. तुमच्या नर्सा हलगर्जी असतील, असं लिहिलं मी. माझ्या इथल्या सिस्टरचं उदाहरण दिलं. आणि ते पत्र टपालपेटीत टाकायला त्यांच्याच हातात दिलं.

त्यांनी टाकलं, मंडळी. चार पावलं जाऊन टाकून आल्या आणि मला चहा दिला.

का, सिस्टर? त्या दिवशी तरी का नाही बोललात? माझ्या रागाला भ्यालात? भावाच्या वेळचं मनात होतं? मी दुसऱ्यांदाही चिठ्ठीकडेच बोट दाखवीन, असं वाटलं? मला शिव्या द्यायच्या होत्या. माझं नाव बुडवायचं होतं. पण तिथली पोरं कुणाची होती? त्यांच्या आया काय वेगळ्या होत्या?

सिस्टरांनी काविळीनं अंथरूण धरलं तेव्हा मी रोज जात होतो. एक दिवस त्यांनी माझं मनगट धरलं. "साताऱ्याचं पत्र आलं का हो डॉक्टर?" मला वाटलं, तापात बरळताहेत. म्हणालो, "दवाखान्याची काळजी सोडा आता." त्यांनी हात सोडला. विचारलंही नाही मी, कोणतं पत्र म्हणून. मी कधीच काही विचारत नव्हतो, हे माझं चुकलं. ऐकायचं राहिलं ते तेव्हापासूनच, लोकरीची गोष्ट हसण्यावारी नेली तेव्हापासून.

परवा मी साताऱ्याला ट्रंककॉल लावला. तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हटलं, आजपासून लोकर आणि आईचं पोट. ते म्हणाले, "तुमचाच अहवाल आमच्या भिंतीवर लावलाय. आता कोणी पिंजारीण सांगते म्हणून मी तो काढू? पुरावा द्या." बरोबर आहे त्यांचं. मी असतो तर हेच बोललो असतो. आणि आज, आत्ता, तिथं एक बाळ खाटेवर आहे. सातव्या महिन्यातलं. त्यांनीच सांगितलं.

म्हणून मी तुम्हाला दोन मिनिटं शांत उभं राहा, असं म्हणणार नाही. ह्या बाईच्या बाबतीत आपण सगळे पुष्कळ शांत राहिलो. ज्यांची पोरं लोकरीत वाढली त्यांनी जाऊ नका. तुमच्या पोराचं नाव, किती दिवस बांधलं, दिवसातून किती वेळ, सगळं मला सांगा. मी लिहून घेतो, खाली तुमचा अंगठा, माझी सही. माझा हुकूम नव्हता, हेही लिहितो. संध्याकाळच्या एस.टी.नं मी ते घेऊन निघतोय, भिंतीवरचा कागद माझ्या हातानं काढायला. भाभी, तुम्ही येता का बरोबर? पिंजलेली लोकर घेऊन?

...त्या हो म्हणताहेत.

सिस्टर, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्हीही मला केलं नसेल. पण तुमची राहिलेली चिठ्ठी मी लिहून आणली आहे. पेटी एक, खाट दोन, आणि ही तिसरी. तुमच्याच शब्दांत लिहिली आहे. "लोकर. आईच्या पोटाला. लुगड्याच्या आत."

फोटोपाशी ठेवतो. नमस्कार, सिस्टर.