दोघांचे पोहे

ऐका यार, आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात मी एक टूल बसवत होतो. कोणी पोस्ट टाकून डिलीट केली, तरी तिची प्रत त्यात राहते. चाचणीसाठी मी बाबांचं अकाउंट लावलं. रिटायर झाल्यापासून ते दिल्लीत एकटेच असतात आणि रोज न चुकता सुप्रभात टाकतात.

महिन्याने पाहिलं, तर चार रविवारच्या चार डिलीट केलेल्या पोस्ट. प्रत्येकीत तीच ओळ: ‘आज पोहे दोघांचे झाले.’ दहा मिनिटांत पुसलेली.

पुढच्या रविवारी सकाळीच मेट्रोने घरी पोचलो.

“अरे, आज ऑफिसचं काम नाही?” बाबा म्हणाले.

“नाही. पोहे आहेत का?”

“बिल्कुल. दोघांचेच केलेत.”

खाताखाता मी टूलचं सांगून टाकलं. विचारलं, “लिहून पुसता कशाला?”

ते जरा ओशाळले. “सगळी नोकरी सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये काढली. तक्रार लेखी ठेवायची सवय नाही.” आणि कढईतले उरलेले पोहेही माझ्याच ताटलीत वाढले.

संध्याकाळी त्यांची पोस्ट आली: ‘आज पोहे कमी पडले.’

पंधरा दिवस झाले, ही त्यांनी पुसलेली नाही.