आप्पा पूजेत नव्हते

इथं जमलेल्या माझ्या सगळ्या थोरामोठ्यांनो, आयाबायांनो, आणि भिंतीला टेकून बसलेल्या आप्पांच्या कारभारीण गौराकाकू,

मला बोलायला उभं करू नका म्हणून मी सरपंचांना सांगितलं होतं. मी सातवीत दप्तर टाकलेला माणूस. चार माणसांत बोलायचं म्हणजे माझी जीभ टाळ्याला चिकटती. पण माझ्या आधी तिघं बोलले, आणि तिघंही एकच बोलले. आप्पा शिवपूजेत गेले. आप्पांना पुण्यवानाचं मरण आलं. हे ऐकलं आणि मला बसवेना.

खोटं हाय हे. माफ करा, पण खोटं हाय.

फाट्यावरचं आप्पांचं किराणा दुकान कुणाला माहीत नाही? मी कुठूनही भटकून आलो तरी पहिल्यांदा तिथंच टेकायचो. मागं उमरीहून आलो, जिनिंगमधलं काम सोडून. आप्पा म्हणाले, "ये रे भिंगऱ्या. तिथं बी पाय टिकला न्हाई व्हय?" एकदा इस्लापूरला गेलो, सहस्रकुंडाचा धबधबा बघायला. दुष्काळात नुसता काळा खडक बघून आलो. आप्पा इतके हसले, इतके हसले, की गिऱ्हाईक ताटकळलं. "दगड बघायला एवढ्या लांब गेलास? आपल्या हिरीत काय कमी हायेत का?" वर मूठभर फुटाणे हातावर ठेवले.

कुठं चाललो मी. हां.

लातूर जिल्हा झाला तेव्हा याच आप्पांनी दुकानातली साखर वाटली. तुम्हीच खाल्ली. मीही खाल्ली. म्हणाले, "आता उस्मानाबादचे हेलपाटे संपले. जिल्हा जवळ आला म्हंजी दवाखाना जवळ आला बग."

जवळ आला का, आप्पा?

त्या दिवशी दुपारी आपण सगळे फाट्यावर टँकरची वाट बघत उभे होतो. घागरी ओळीनं लावल्या होत्या. टँकर वळणावर आला आणि समोरून लातूरची एसटी. पुढं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. पण एक गोष्ट इथं कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. टँकर फुटला, पाणी रस्त्यावरून वाहायला लागलं, आणि आपण आधी घागरी घेऊन पळालो. मीही पळालो. बसमधून किंकाळ्या ऐकू आल्या तेव्हा माझी घागर अर्धी भरली होती.

मग घागर टाकली आणि बसमध्ये चढलो. जो ओरडत होता त्याला उचलला. ज्याचं रक्त दिसत होतं त्याला उचलला. मोडलेले पाय, फुटलेली डोकी. मोठा शूर मी! आप्पा लातूरहून दुकानाचा माल घेऊन त्याच बसनं येत होते. स्वतःच्या पायानं खाली उतरले. मला म्हणाले, "मला काय झालं न्हाई. त्या लेकरवाळीला घे आधी." आणि लिंबाच्या बुडाला जाऊन मांडी घालून बसले.

पोस्टातून दवाखान्यात फोन लावला. उत्तर काय आलं? जीप नाही. जीप कुठं गेली? जिल्ह्याचे नवे साहेब दुष्काळ बघायला निघालेत, त्यांच्या ताफ्यात गेली. अहो, दुष्काळ पळून चालला होता का? आजारी माणसाची जीप साहेबांच्या मागं धूळ खात फिरते आणि इथं माणसं रस्त्यावर तडफडतात! शेवटी एका मालट्रकवाल्याच्या पाया पडलो. ट्रकात जागा थोडी. ओरडणारे आधी घातले.

तेव्हा शेवंतावहिनी मला म्हणाल्या, "आवो, आप्पाचं बी बगा की. लई घाम आलाय त्यांना."

मी वळून बघितलं. मांडी घातलेली. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. डावा हात छातीशी, मुठीत गळ्यातलं इष्टलिंग असणार. आप्पा पूजेला बसले की दुकान जळालं तरी कुणी हाक मारायची नाही, हे या गावात तान्ह्या लेकरालाही कळतं. मी म्हणालो, "वहिनी, गप बसा. आप्पा पूजेत हायेत."

मी म्हणालो. मीच.

ट्रक गेला. परत यायला दोन तास लागले. तोवर आप्पा तसेच बसलेले होते. आपण त्यांच्या आजूबाजूनं पाय न वाजवता चालत होतो. दुसऱ्या खेपेला त्यांना उचलून ट्रकात घातलं.

दवाखान्यातले डॉक्टर तरणे हायेत. माझ्यावर खेकसले. "डाव्या बरगड्या मोडल्यात. पोटात रक्त साचलंय. बाहेर थेंब नाही म्हणून तुम्ही बसवून ठेवलं? अरे, ओरडतो त्याच्यात धुगधुगी असते. गप्प बसलेल्याला आधी बघायचं!" मग म्हणाले, इथं ऑपरेशन होत नाही, पुढं न्या. कशात नेऊ? जीप अजून आलीच नव्हती. आप्पा तिथंच, व्हरांड्यात गेले.

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. बसवताना गौराकाकूंनी आप्पांच्या गळ्यातली लिंगाची डबी हातात घेतली. झाकण घट्ट बसलेलं. काकू माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "पूजेला बसलेला माणूस डबी मिटून बसतो का रे?"

नाही बसत, काकू. लिंग तळहातावर घेतात. मला माहीत होतं. इथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी मोडलेली बरगडी धरली होती. ओठ हलत होते ते कुणाला तरी हाक मारत होते. कुणाला, ते मी रोज स्वतःला विचारतो.

म्हणून हात जोडून सांगतो. समाधीवर 'शिवपूजेत लीन' असं लिहू नका. ते लिहिलं की जीप सुटली, साहेब सुटले, मी सुटलो, तुम्हीही सुटलात. जीप दवाखान्याच्या दारातून हलवायची नाही, असा अर्ज मी लिहिलाय. अक्षर वाकडं हाय. जाताना सही नाहीतर अंगठा करून जा. अर्ज पोचेस्तोवर मी कुठं भटकायला जाणार नाही.

आता दोन मिनिटं गप्प उभं राहू. पण एक करा. डोळे मिटू नका. आपल्या शेजारी जो गप्प उभा हाय, त्याच्याकडं नीट बघा.

आप्पा, शेवटचा नमस्कार. शरणु शरणार्थी.