उद्योगपतीची लेक

आमच्या तीर्थपुरीत माणूस बारशापासून फ्लेक्सवर चढतो, हे बाहेरच्याला कसं कळणार? दत्तोबाच्या पूजाला बारावीत सत्त्याण्णव टक्के पडले. तिनं मोबाइलवर शोधून हुशार पोरांसाठीची एक शिष्यवृत्ती गाठली. घर बघायला शिष्यवृत्तीवाले साहेब येणार म्हणून आम्ही दोस्तांनी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. पूजाचा फोटो बारीक, दत्तोबाचा गॉगल घातलेला मोठा, खाली ‘सुप्रसिद्ध उद्योगपती’.

साहेब ते वाचूनच घरी आले. "गुण उत्तम आहेत. पण शिष्यवृत्ती गरजू घरासाठी आहे. उद्योगपती कुठे आहेत?"

दत्तोबा भुवयांवरचं पीठ झटकत पुढं आला. "मीच, साहेब. पिठाची गिरणी आहे."

"मग फ्लेक्सवर असं का?"

पूजा म्हणाली, "आमच्याकडं फ्लेक्सवर नुसतं नाव कुणाचंच लिहीत न्हाईत."

शिष्यवृत्ती मिळाली. आम्ही लगेच आभाराचा फ्लेक्स लावला. साहेबांचा मोठा फोटो, खाली ‘शिक्षणमहर्षी’. दुसऱ्याच दिवशी दत्तोबाला साहेबांचा फोन, "चौकात माझा फ्लेक्स लावलाय म्हणे?"

दत्तोबा घाबरला. "काढतो साहेब, आत्ताच काढतो."

"काढा," साहेब म्हणाले. "पण घडी घालू नका. गुंडाळून माझ्या घरी पाठवा."